तिसरी नळी जांभळी

परीक्षेच्या हॉलमध्ये बावीस जण माना खाली घालून बसले होते आणि हॉल गुणगुणत होता.

देखरेखीच्या बाईंनी आधी पंख्याकडे पाहिलं, मग ट्यूबलाइटकडे. दोघंही निर्दोष. मग त्या बाकांमधून फिरू लागल्या, तेव्हा त्यांना कळलं की आवाज माणसांतून येतोय. कुणाचे ओठ जेमतेम हलत होते. कुणी पेनाच्या टोपणाने बाकावर ताल धरला होता. शेवटच्या बाकावरचे काका, वय वर्षं एक्केचाळीस, तर डोळे मिटून, मान डोलवत, खर्जात "गं" म्हणत होते.

"काय चाललंय हे?"

"आठवतोय, मॅडम," काका म्हणाले.

"मनात आठवा."

"मनातच आठवतोय. पण मन लहान आहे, बाहेर सांडतंय."

बाईंनी टेबलावर डस्टर आपटलं. गुणगुण थांबली. आणि गंमत अशी, की बाविसांतले एकोणीस जण लिहायचेही थांबले. गाणं थांबलं की उत्तर थांबायचं. बाई खिडकीकडे वळल्या की पुन्हा बारीक सूर धरायचा आणि पेनं पुढे सरकायची.

ही सगळी करणी यमकीची.

हजेरीत तिचं नाव वेगळं होतं, पण ते फक्त सर घेत, आणि सरांनी नाव घेतलं की पाठोपाठ काहीतरी वाईट यायचं. बाकी सगळ्यांची ती यमकी. लॅब टेक्निशियनच्या डिप्लोम्याचं हे शेवटचं सत्र. रक्त काढायचं, नळीत भरायचं, फिरवायचं, तपासायचं आणि आकडा लिहायचा, एवढं शिकायला दोन वर्षं. गेल्या वर्षी याच पेपरात ती सात गुणांनी गेली होती. नियम असा की शेवटच्या सत्राला दोनदाच बसता येतं. दुसऱ्यांदा आपटली की नाव कायमचं कमी, दोन वर्षं पाण्यात. ही तिची दुसरी वेळ.

अभ्यास ती करायची, पण साधं वाक्य तिच्या डोक्यात ठरत नसे. या कानातून आत येई, जरा बसे, चहा न घेताच निघून जाई. यमकात बांधलं की मात्र गाठ पक्की. ही खोड आईकडून आलेली. आई हॉस्पिटलच्या लाँड्रीत होती. दिवसाला चारशे चादरी. गरम चादरीची दोन टोकं आईच्या हातात, दोन लेकीच्या. जवळ यायचं, टोकाला टोक लावायचं, मागे जायचं, झटका द्यायचा, पुन्हा जवळ यायचं. दोघींच्या त्या येण्याजाण्यात आईची गाणी जुळायची. आकडा चुकू नये म्हणून मोजणीचं गाणं, आणि मोजणी कोरडी वाटू नये म्हणून त्यात कुणाची तरी टवाळी.

*एकवीस चादरी गं, बाविसावी फाटकी,*
*मेट्रनबाईंची बाई, चालच भारी नेटकी.*

मेट्रनबाई दारात येऊन उभ्या राहिल्या, तरी आई गाणं थांबवत नसे. फक्त "मेट्रनबाई"च्या जागी "सासूबाई" घाली. मात्रा तेवढ्याच.

तर लेकीने हीच युक्ती वर्गात आणली. वर्गाला तिची गरजही होती, कारण वर्ग सरांच्या ताब्यात होता. सर विभागप्रमुख. मुलांमध्ये त्यांचं नाव गाळणी. दरवर्षी ते वर्ग ओतायचे, निम्मा खाली जायचा, निम्मा वर अडकायचा. जांभळ्या रेक्झिनची एक वही उघडून ते शिकवायचे. आवाज असा, की ऐकता ऐकता माणसाच्या अंगातल्या तांबड्या पेशीही खाली बसाव्यात.

त्यांनी शिकवलेल्यात सगळ्यांत निसटतं म्हणजे नळ्यांचा क्रम. एकाच सुईने पाच नळ्या भरायच्या असल्या, तर आधी कुठल्या रंगाच्या टोपणाची, मग कुठल्या. निळी, लाल, हिरवी, जांभळी, राखाडी. ऐकायला सोपं. पण पेपरात घाम फुटला की पाचही रंग डोळ्यांपुढे धुळवड खेळतात.

यमकीने एका दुपारी, काचपट्ट्या धुता धुता, गाणं केलं. रंग पाच आणि सर एक. सरांच्या अंगावर पाचही रंग सापडले. डोक्यावरची लॅबची टोपी निळी, नाक लाल, सही हिरव्या शाईची, वही जांभळी आणि मिशी राखाडी. जणू देवाने सरांना बनवलं तेव्हा समोर नळ्यांचा स्टँडच ठेवला होता.

पहिल्यांदा तिने बरोबर केलं होतं. तिसरी हिरवी सही, चौथी जांभळी वही. नळाखाली हात धरून तिने ते म्हणून दाखवलं, तर काका अडखळले. काका आधी याच हॉस्पिटलात स्ट्रेचर ढकलायचे. पंधरा वर्षं ढकलून झाल्यावर त्यांना वाटलं, आता जरा बसायचं काम शिकावं. त्यामुळे कुठलीही गोष्ट क्रमाने, दारातून आत आणि आतून दारात, अशी झाली नाही की त्यांना चैन पडत नसे.

"पोरी, सही कशावर करणार?"

"म्हणजे?"

"आधी वही तर आण. हवेत सही करणार का तुझे सर?"

यमकीने ओला हात कपाळाला लावला. "खरंच की काका!"

आणि तिने कडवी फिरवली. वही आधी, सही मग. चाल लोण्यासारखी घसरली. कडव्यांबरोबर नळ्याही फिरल्या, हे ना तिच्या ध्यानात आलं, ना काकांच्या. गाणं इतकं गोड बसलं होतं की त्याला उघडून आत कोण बघतो?

दोन दिवसांत ते जिन्यात, कँटीनमध्ये, बसच्या रांगेत ऐकू येऊ लागलं. बाविसांतले एकोणीस ते झोपेत म्हणू शकत. उरले तिघे. दोघांना सूरच नव्हता. त्यांनी तोंड उघडलं की बाकीचेच त्यांना गप्प करत. तिसरी चष्मा. तिला जाड भिंगं होती आणि मतंही जाड होती.

"अशा गाण्यांनी कुणी टेक्निशियन होत नाही," चष्मा म्हणाली. "मी पुस्तक वाचते."

"वाच बाई," यमकी म्हणाली. "पुस्तकाला मिशी नाही, म्हणून तुला आवडतं."

पेपर सोमवारी झाला. दहा गुणांचा प्रश्न नळ्यांच्या क्रमावरच आला. हॉलभर अशी काही आनंदाची लाट उठली, की देखरेखीच्या बाईंनी पुन्हा डस्टर हातात घेतलं.

शुक्रवारी प्रात्यक्षिक. सकाळी साडेनऊला सगळे पांढरे कोट घालून लॅबच्या दारात उभे होते. आईने यमकीच्या कोटाला अशी इस्त्री केली होती, की बाही वाकवली तर मोडेल असं वाटावं. दार उघडलं. आत सर होते, आणि दुसऱ्या कॉलेजातून आलेल्या परीक्षक बाई. ठेंगण्या, गोल, केस पांढरे, पायात धावायचे बूट. त्यांच्यापुढे उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता.

"आत या. सगळे. बसू नका," सर म्हणाले.

सगळे आत आले. बसले नाहीत.

"एकोणीस पेपर," सर म्हणाले. "एकोणीस माणसं. आणि चूक किती? एक. सगळ्यांची तीच. तिसरी जांभळी, चौथी हिरवी. बरोबर लिहिणारे तीन."

चष्म्याने मान वर केली. बेसूर दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा सूर लागला होता.

"एक माणूस चुकतो. दोन चुकतात. एकोणीस माणसं एका ओळीत चुकतात, त्याला काय म्हणतात? सामूहिक कॉपी. पेपर रद्द, दोन सत्रं बंदी. मी अर्ज तयार केलाय. आणि हे बघा." त्यांनी एक पेपर वर उचलला. "शेवटच्या बाकावरचे. काय लिहिलंय? 'तिसरी जांभळी वही. चौथी हिरवी सही.' ही वही कसली? सही कुणाची?"

काका जमिनीकडे बघत राहिले. जमीन काही बोलली नाही.

"बोला."

"सर, ते... घाईत थोडं जास्त लिहिलं गेलं."

परीक्षक बाईंनी भुवया उंचावल्या. "पहिल्या बाकावरून शेवटच्या बाकापर्यंत कॉपी गेली, तर गेली कशी?"

"चिठ्ठी फिरली असेल, मॅडम. यांच्या चिठ्ठ्यांना पंख असतात."

यमकीने हिशेब केला. दोन सत्रं बंदी म्हणजे बाकीच्यांसाठी एक वर्ष घरी. तिच्यासाठी दार बंद. आणि ते दार तिने स्वतःच लावलं होतं, तेही चालीत.

तिने पाऊल पुढे टाकलं.

"थांब, पोरी," काका ओठ न हलवता पुटपुटले. "दोन सत्रं कशीही जातील. त्यांच्यापुढे ते म्हटलंस तर प्रात्यक्षिकात तुझा भुगा करतील."

"काका, तुम्ही दोन सत्रांनी याल. मला परत येताच येत नाही." मग ती मोठ्याने म्हणाली, "सर, कॉपी नाही. गाणं आहे."

"काय आहे?"

"गाणं. पाठांतराचं. मी केलंय. सगळे तेच म्हणतात, म्हणून सगळे एकसारखे चुकले."

"वा! आता कॉपीला चालही लावली." सर परीक्षक बाईंकडे बघून हसले. त्यांच्या हसण्यात नाकाचा भाग जास्त. "कुठे आहे हे गाणं?"

"तोंडात आहे, सर."

"मग म्हणा की."

यमकीने कोटाच्या खिशात हात घातले, बाहेर काढले, पुन्हा घातले. "शब्द जरा... घरगुती आहेत."

"म्हण गं," परीक्षक बाई म्हणाल्या. "इथे सगळे रक्तालघवीतलेच आहोत."

तिने डोळे मिटले. समोर चादर धरली आहे आणि पलीकडच्या टोकाला आई आहे, असं समजून तिने सूर लावला.

*पहिली नळी निळी गं, सरांची ती टोपी,*
*तास सुरू झाला की, पोरं जाती झोपी.*

सरांचा हात आपोआप टोपीकडे गेला आणि अर्ध्या वाटेवरून परतला.

*दुसरी नळी लाल गं, सरांचं ते नाक,*
*शिंक आली नुसती तरी, वर्गाला या धाक.*

नाक आणखी लाल झालं. परीक्षक बाईंनी पर्समधून रुमाल काढला आणि तोंडावर धरला. यमकीला वाटलं, आपण एकटीच कड्यावर चाललोय. पण तिसऱ्या कडव्याला भलतंच झालं. सवय वाईट असते. तिने "तिसरी" म्हटलं आणि मागून आपोआप सतरा गळे उठले, तळाला काकांचा खर्ज:

*तिसरी नळी जांभळी गं, सरांची ती वही,*
*तीस वर्षं झाली तरी, पान हलत नाही.*

*चौथी नळी हिरवी गं, सरांची ती सही,*
*नापास करायाला, कारण लागत नाही.*

"गं," काका एकटेच मागे राहिले.

"पाचवी?" परीक्षक बाईंनी रुमालातून विचारलं.

"पाचवी राखाडी, मॅडम. ती बरोबर आहे. ती नाही म्हटली तरी चालेल."

"म्हण."

*पाचवी नळी राखाडी, सरांची ती मिशी,*
*मिशी तेवढी राहिली, डोईची गेली कशी?*

परीक्षक बाई खिडकीशी गेल्या आणि तिथे त्यांना बराच वेळ खोकला आला. परत आल्या तेव्हा डोळे ओले होते.

"कॉपी नाही," त्या म्हणाल्या. "पाठांतर आहे. चुकीचं, पण अस्सल. तो अर्ज फाडा."

सरांनी अर्ज फाडला नाही. घडी करून खिशात ठेवला. मिशी थरथरत होती, पण शब्द सरळ आले. "माझी थट्टा सोडा. माझ्या मागे तीस वर्षं चाललीय, मला ठाऊक नाही का? पण जांभळीनंतर हिरवी भरली तर काय होतं, ते या कवयित्रीला ठाऊक आहे?"

यमकीने परीक्षक बाईंकडे पाहिलं.

"जांभळ्या नळीत रक्त गोठू नये म्हणून जे औषध असतं, त्यात पोटॅशियम असतं," परीक्षक बाई म्हणाल्या. आता त्या हसत नव्हत्या. "त्याचा कण सुईबरोबर हिरव्या नळीत गेला, की पोटॅशियम खोटं वाढलेलं दिसतं. आकडा बघून डॉक्टर धावतो आणि धडधाकट माणसाला औषधं टोचायला लागतो. तुझं यमक जुळतं गं बाळ. माणूस मात्र जुळून येत नाही."

यमकीचे कान तापले. मिशीची लाज तिला वाटली नव्हती, टोपीची नव्हती. हिची वाटली. गोड चालीत तिने अठरा जणांच्या हातात एक चुकीची सुई दिली होती.

"त्या प्रश्नाचे दहा गुण एकोणीस जणांचे गेले, बाकी पेपरावर तरलेत," सर म्हणाले. "आणि प्रात्यक्षिकाला पहिली ही. पाच नळ्या, दोन तपासण्या. वीसपैकी दहाला पास." त्यांनी कोट काढून खुर्चीवर टाकला आणि शर्टाची बाही वर सारली. "पेशंट मी."

वर्ग भिंतीकडे सरकला.

हात गोरा, जून, आतल्या बाजूने मऊ. यमकीने दंडाला पट्टा आवळला, बोटाने शीर चाचपली. शीर सज्जन होती, माणसासारखी नव्हती, लगेच सापडली. स्पिरिटचा बोळा, सुई आत, पहिली निळी. रक्त सरसर चढलं. दुसरी लाल.

आणि डोक्यात चाल सुरू झाली. तिने बोलावली नव्हती. *तिसरी नळी...* तिचा हात जांभळीवर जाऊन टेकला.

हात थांबला. महिनाभर म्हटलेली ओळ तिला मागून ढकलत होती, आई चादरीला झटका देते तशी. तिने दात चावले आणि ओळ मधूनच तोडली. आवाज न होता काहीतरी तुटलं. तिने हिरवी उचलली.

"काय झालं?" सर म्हणाले. "वही सापडत नाही?"

"सही आधी, सर."

"असं? कशावर?"

"तुम्ही हजेरीपटावर महिन्याच्या पहिल्या तारखेलाच सगळ्या दिवसांच्या करून ठेवता ना, तशी."

परीक्षक बाई पुन्हा खिडकीकडे गेल्या. सर सुईकडे बघू लागले; हातात सुई असलेल्या माणसाने फार बोलू नये. चौथी जांभळी, पाचवी राखाडी. पट्टा सुटला, सुई निघाली, कापूस बसला. तिने नळ्या उलटसुलट हलवून स्टँडमध्ये लावल्या.

मग बाकीच्यांची प्रात्यक्षिकं सुरू झाली. परीक्षक बाई काकांच्या टेबलाशी गेल्या. काका त्यांना प्रत्येक नळीची ओळख नातेवाइकासारखी करून देत होते. यमकी कोपऱ्यात, यंत्राशी. हिरव्या आणि राखाडी नळ्या सेंट्रिफ्यूजमध्ये फिरल्या, वर पिवळं पाणी आलं. हिरवीतून पोटॅशियम: चार पूर्णांक दोन. अगदी शहाण्या माणसाचं. म्हणजे क्रम बरोबर लागला होता. तिने श्वास सोडला. राखाडीतून साखर.

तीनशे बारा.

तिने डोळे चोळले. पुन्हा लावली. तीनशे नऊ. मग तिने कंट्रोलची बाटली काढली. आकडा आधीच माहीत असलेला नमुना; यंत्र खोटं बोलत असलं तर तिथे पकडलं जातं. यंत्र खोटं बोलत नव्हतं.

सर येऊन उभे राहिले. कागद वाचला. "हे चुकलं."

"दोनदा केलं, सर."

"मला साखर नाही."

"कंट्रोलही लावला. बरोबर आला."

"सकाळी चहा घेतला होता मी. दोन कप."

"दोन कपांनी तीनशे होत नाही, सर. तुम्हीच शिकवलंय. वहीत डावीकडच्या पानावर आहे."

सरांनी मागे वळून पाहिलं. परीक्षक बाई लांब होत्या. त्यांनी आवाज खाली आणला, आणि खाली आणल्यावर तो चक्क माणसाचा आवाज होता. "हे बघ. नमुना खराब झाला, असं लिही. होतं असं, सगळ्यांचं होतं. सोमवारी उपाशीपोटी मी स्वतः परत देतो. तुझे गुण जाणार नाहीत, क्रम बरोबर घेतलास. बारा देतो. पण हा आकडा लिहिलास, तर मला तो चुकीचा रिपोर्ट धरावा लागेल. चुकीच्या रिपोर्टला शून्य. नियम आहे."

बारा म्हणजे पास. शून्य म्हणजे नाव कमी. यमकीने पेन धरलं. "नमुना खराब" हे दोन शब्द लिहायला किती वेळ लागतो? यमकही नको. ती पेनाच्या टोकाकडे बघत राहिली, आणि तिला आठवलं, अर्ध्या तासापूर्वी एक खोटा आकडा माणसाला कुठे नेतो, ते ऐकून तिचे कान तापले होते. तेव्हा पोटॅशियम खोटं वाढलं असतं. आता साखर खोटी कमी करायची होती. फरक काय?

"सर, तुम्हाला तहान फार लागते का?"

"काय संबंध?"

"तासाला दोनदा बाटली भरायला जाता. आम्हाला वाटायचं, तुम्हालाच कंटाळा येतो शिकवायचा." तिने आवाज आणखी खाली आणला. "आणि मधेच उठून... म्हणजे, तेही वारंवार जाता. आम्ही घड्याळ लावायचो त्यावर."

सरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"मी आकडा लिहिते, सर. तीनशे बारा. दुसऱ्यांदा तीनशे नऊ. कंट्रोल बरोबर. नमुना चांगला होता. मीच घेतला होता." आणि तिने लिहिलं. अक्षर वेडंवाकडं आलं, पण आकडा स्वच्छ आला. "आता तुम्ही शून्य द्या."

सरांनी स्टूल ओढलं आणि त्यावर बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. टोपीखाली खरंच काही नव्हतं. टक्कल इतकं निरागस होतं, की यमकीला एकदम वाटलं, ते कडवं आपण जरा जास्तच जोरात म्हटलं. ते कागदाकडे बघत राहिले. वाचत होते, की त्यांना वाचता येत नव्हतं, कळेना.

"किती दिवसांची असेल?" त्यांनी विचारलं. इतकी वर्षं ते प्रश्न विचारायचे ते उत्तर ठाऊक असलेले. हा तसा नव्हता.

"तीन महिन्यांची सरासरी निघते की, सर. जांभळ्या नळीतून. ती भरलेली आहेच. लावू?"

"लाव."

तिने लावली. तो आकडाही काही दिलासा देणारा निघाला नाही. सरांनी दोन्ही आकडे वाचले, खिशातून पेन काढलं आणि रिपोर्टखाली हिरवी सही केली. मग गुणांच्या तक्त्यात काहीतरी लिहिलं आणि तक्ता तिच्याकडे वळवला. सोळा.

"अठरा होते," सर म्हणाले. "दोन मिशीचे कापले."

"नाकाचे नाही कापले?"

"चालू लाग. आणि माझं नाव लिहिलेला तो रिपोर्ट लिफाफ्यात घाल आणि लिफाफा बंद कर."

तिने लिफाफा बंद केला. जाताना ती दारात थांबली. "सर, उद्याच डॉक्टरकडे जा. सोमवारची वाट बघू नका."

"हे पण नियमात आहे का?"

"नाही. हे असंच."

बाहेर पायऱ्यांवर प्रात्यक्षिकं आटोपून सगळा वर्ग बसला होता. काका उठून उभे राहिले. चष्माही, जराशी मागे.

"काय गं? वाचलीस?"

"सोळा."

असा काही कल्ला झाला की ऑफिसातल्या कारकुनाने खिडकी उघडली आणि पुन्हा बंद केली. काकांनी तिच्या पाठीत अशी थाप मारली, की इस्त्रीची घडी मोडली. मग कुणीतरी विचारलंच.

"पण तासभर आत काय चाललं होतं? मॅडम काकांपाशी, आणि तुम्ही दोघं कोपऱ्यात तोंडं पाडून. सरांच्या रक्तात निघालं काय?"

"रक्तच नसेल," चष्मा म्हणाली. आणि पहिल्यांदाच सगळे तिच्या विनोदाला हसले.

यमकीही हसली, पण तिने मान हलवली. "पेशंटचं बाहेर सांगत नसतात."

"कुठल्या पेशंटचं?" काका पुढे वाकले. "अगं, आम्ही भिंतीला पाठ लावून बघत होतो! टोपी, नाक, मिशीसकट!"

"ते कोण होते, तेच सांगत नसतात, काका," ती म्हणाली, आणि आईची पाळी संपायच्या आत लाँड्रीत पोहोचायला निघाली.